एखाद्याची ओळख सरकारी नोंदींवरून कशी पडताळतात? कागद पाहणं आणि नोंद तपासणं यांत फरक काय?

घर भाड्याने देताना, कामावर माणूस ठेवताना, लग्न जुळवताना किंवा लॉजची खोली देताना बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. आधार कार्डाची झेरॉक्स मागितली जाते, त्यावर एक नजर टाकली जाते आणि ती फाईलमध्ये जाते. याला आपण 'पडताळणी' म्हणतो.

प्रत्यक्षात त्या झेरॉक्समुळे फारसं काही सिद्ध होत नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या परीक्षांपैकी एका परीक्षेतही हे दिसून आलं आणि त्या प्रकरणाचा एक धागा अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचला.

पूजा खेडकर प्रकरणात नेमकं काय झालं?

जुलै २०२४ मध्ये परिविक्षाधीन आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांची पुण्याहून वाशिमला बदली झाली. त्यानंतर त्यांच्या निवडीबद्दल प्रश्न विचारले जाऊ लागले.

१९ जुलै २०२४ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाने, म्हणजे यूपीएससीने एक पत्रक काढलं. स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव, फोटो, सही, ईमेल, मोबाईल क्रमांक आणि पत्ता बदलून खेडकर यांनी परवानगीपेक्षा जास्त वेळा परीक्षा दिली, असा आरोप आयोगाने त्यात केला होता. नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला ६ आणि ओबीसी उमेदवाराला ९ वेळा बसता येतं. दिव्यांग उमेदवारांना खुल्या आणि ओबीसी प्रवर्गात ९ संधी मिळतात. त्यामुळे हा उमेदवार आणि मागच्या वर्षीचा उमेदवार एकच आहे का, हे ओळखणं आयोगासाठी महत्त्वाचं असतं.

३१ जुलैला आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली आणि पुढच्या सगळ्या परीक्षांसाठी त्यांना अपात्र ठरवलं. ६ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने त्यांना सेवेतून मुक्त केलं.

खेडकर यांनी सगळे आरोप नाकारले आहेत. आपण नाव किंवा आडनावात फेरफार केलेला नाही, असं त्यांनी न्यायालयात सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२५ रोजी त्यांना अटकपूर्व जामीन दिला. आरोप अजून न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत.

अहिल्यानगरचा संबंध दिव्यांगत्व प्रमाणपत्रांमुळे आला. दिल्ली पोलिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात स्थितीदर्शक अहवाल सादर केला. त्यानुसार २०२२ आणि २०२३ च्या परीक्षांसाठी दिलेली दोन प्रमाणपत्रं अहमदनगरच्या वैद्यकीय प्राधिकरणाच्या नावाची होती. त्यातलं एक प्रमाणपत्र आपल्या नोंदींनुसार या कार्यालयाने दिलेलं नाही, असं जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाने पोलिसांना कळवलं. त्यामुळे ते बनावट असण्याची शक्यता आहे, असं अहवालात म्हटलं होतं.

म्हणजे कागद दिल्लीत जमा झाला होता, पण त्याबद्दलचं उत्तर नगरच्या एका कार्यालयातल्या नोंदीत होतं. ते मिळालं, कारण कुणीतरी त्या कार्यालयाला विचारलं.

मग आयोगाने आधी काय तपासलं होतं?

याचं उत्तर आयोगाने ३१ जुलैच्या पत्रकातच दिलं. प्रमाणपत्र सक्षम अधिकाऱ्याने दिलं आहे का, ते कोणत्या वर्षाचं आहे, तारीख काय आहे, खाडाखोड आहे का, नमुना बरोबर आहे का, एवढी प्राथमिक छाननी आयोग करतो. दरवर्षी येणाऱ्या हजारो प्रमाणपत्रांचा खरेपणा तपासण्याचा अधिकारही आपल्याकडे नाही आणि तशी साधनंही नाहीत, असं आयोगाने स्पष्ट केलं.

२००९ ते २०२३ या काळात शिफारस झालेल्या १५ हजारांहून अधिक उमेदवारांची माहितीही आयोगाने पुन्हा तपासली. खेडकर वगळता दुसऱ्या कुणी जास्त संधी घेतल्याचं आढळलं नाही, असं आयोगाने सांगितलं. त्यांचं प्रकरण सुटून गेलं, कारण उमेदवाराच्या नावासोबत आईवडिलांची नावंही बदलली होती, असं आयोगाचं म्हणणं आहे.

यातून तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात.

छाननी म्हणजे कागद नीट दिसतो का, हे पाहणं. जुळवणी म्हणजे एका कागदावरचा तपशील दुसऱ्या कागदाशी ताडून पाहणं. पडताळणी म्हणजे ज्याने कागद दिला त्याच्या मूळ नोंदीत ती माहिती आहे का, हे विचारणं. झेरॉक्स फाईलला लावणं ही फार तर छाननी झाली.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारने यूपीएससीला उमेदवारांची आधार पडताळणी करायला परवानगी दिली. ती ऐच्छिक आहे.

नावावरून ओळख का पटत नाही?

महाराष्ट्रात एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं असण्याची कितीतरी प्रामाणिक कारणं आहेत.

लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. शाळेच्या दाखल्यावर 'बाळू' असतो, आधारवर 'बाळासाहेब' आणि सातबाऱ्यावर 'बाळकृष्ण'. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक ऑपरेटरगणिक बदलतं.

जन्मतारखेचंही तसंच आहे. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस कागदावर १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी सरळ शाळा सुरू होण्याच्या महिन्यातली पहिली तारीख लिहून टाकायचे. त्यामुळे एका गावातल्या दोन माणसांचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही सारखी निघू शकते.

आता नावाची रचनाही बदलते आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम ठेवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे.

शिवाय जिल्ह्याचंच नाव बदललं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. जुन्या दाखल्यांवर 'अहमदनगर' आणि नव्यांवर 'अहिल्यानगर' असणं साहजिक आहे. बाहेरच्या राज्यातल्या एखाद्या कारकुनाला ही दोन वेगळी ठिकाणं वाटू शकतात. उलट, नामांतराच्या आधीची तारीख असलेल्या कागदावर 'अहिल्यानगर' छापलेलं असेल, तर तो कागद नव्याने काढलेली प्रत आहे का, हे विचारायला हवं.

पत्त्याचाही पुरावा कच्चा असतो. पाथर्डी, शेवगावकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीच्या हंगामात महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात. कार्डावरचा पत्ता आणि राहण्याची जागा वेगळी असली, म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

नाव रीतसर बदललं असेल तर त्याचा धागा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात सापडतो. नाव बदलल्याची जाहिरात शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयामार्फत राजपत्रात छापली जाते. जुनं आणि नवं नाव जोडणारा हा कागद मागणं रास्त आहे. तो नसेल तर लग्नाचं प्रमाणपत्रही चालू शकतं.

कोणती नोंद कुणाकडे असते?

कागदाचा मूळ मालक कोण, हे कळलं की अर्धं काम होतं.

जन्म-मृत्यू: गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. नोंद १९६९ च्या कायद्याखाली होते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा आहे.

शाळा सोडल्याचा दाखला: शाळेचं जनरल रजिस्टर. दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक मुख्याध्यापकांकडून ताडून घेता येतो.

जातीचा दाखला: प्रांत कार्यालयासारखे सक्षम अधिकारी तो देतात. पण दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. वैधता पडताळणी समिती देते.

दिव्यांगत्व: जिल्हा रुग्णालय किंवा अधिसूचित वैद्यकीय प्राधिकरण. आता त्याची नोंद यूडीआयडी या राष्ट्रीय पोर्टलवर होते आणि दिव्यांग व्यक्तीला स्वतंत्र क्रमांक मिळतो.

वाहन परवाना: आरटीओ. एमएच-१६ म्हणजे अहिल्यानगर, एमएच-१७ म्हणजे श्रीरामपूर. हा क्रमांक परवाना कोणत्या कार्यालयाने दिला ते सांगतो. माणूस आज कुठे राहतो, हे त्यावरून कळत नाही. परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परिवहन पोर्टलवर तपशील पाहता येतो.

पॅन: आयकर विभाग. विभागाच्या पोर्टलवर पॅन, नाव आणि जन्मतारीख टाकली की माहिती जुळते की नाही, एवढंच उत्तर मिळतं.

उत्पन्न, अधिवास वगैरे दाखले: तहसील कार्यालय. 'आपले सरकार' पोर्टलवरून मिळालेल्या दाखल्यावर बारकोड असतो. त्याचा क्रमांक त्याच पोर्टलवर टाकून दाखला तपासता येतो.

डिजिलॉकरमधल्या कागदांबाबत एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. तिथे दोन प्रकारचे कागद असतात. काही कागद थेट खात्याकडून आलेले असतात आणि ते कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. काही कागद मात्र माणसाने स्वतः स्कॅन करून चढवलेले असतात. दुसऱ्या प्रकाराला झेरॉक्सपेक्षा जास्त वजन नाही.

आधार कार्ड कसं तपासायचं?

यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकला, तर तो क्रमांक अस्तित्वात आहे का, वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन अंक दिसतात. नाव आणि फोटो दिसत नाही. म्हणजे क्रमांक खरा आहे, एवढंच त्यातून कळतं. तो समोरच्या माणसाचा आहे की नाही, हे कळत नाही.

त्यासाठी कार्डावरचा क्यूआर कोड जास्त उपयोगी आहे. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो डिजिटल सहीसकट असतो. यूआयडीएआयच्या ॲपने तो स्कॅन केला की छापील मजकुरात फेरफार झाला असेल तर लगेच लक्षात येतं. स्क्रीनवरचा फोटो, कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. साध्या मोबाईल कॅमेऱ्याने कोड वाचला जातो म्हणून कार्ड खरं, असं समजू नये.

इथे कायद्याची एक अट आहे. २०१९ मध्ये आधार कायद्यात दुरुस्ती झाली. क्यूआर कोडसारख्या मार्गाने ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने समोरच्याची संमती घेतली पाहिजे. त्याला आधार क्रमांक किंवा बोटांचे ठसे गोळा करता येत नाहीत, साठवता येत नाहीत. आधारऐवजी दुसरा कोणता पुरावा चालेल, हेही सांगावं लागतं.

शिर्डीत किंवा शनिशिंगणापूरला येणाऱ्या भाविकांसाठी हे कामाचं आहे. लॉजवर ओळखपत्र मागितलं तर वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र दाखवता येतं. आधारच द्यायचं असेल तर 'मास्क्ड आधार' द्यावं. त्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतं. आधारबद्दलच्या शंकांसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

आधारच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. वय ठरवण्यासाठीही तो पुरेसा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख ग्राह्य धरली.

तपशील जुळला नाही तर?

याचं चांगलं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून मिळालं आहे. दोन बहिणींनी महादेव कोळी जमातीच्या असल्याचा दावा करून शैक्षणिक प्रवेश घेतले होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ सप्टेंबर १९९४ रोजी 'कुमारी माधुरी पाटील' निकाल आला. दावा फेटाळला गेला, पण न्यायालय तिथेच थांबलं नाही. असे दावे कसे तपासायचे, याची पद्धतच त्याने घालून दिली.

त्यानुसार पडताळणी समितीसोबत दक्षता पथक असतं. पथकाचा अधिकारी अर्जदाराच्या मूळ गावी जातो, शाळेच्या आणि जन्माच्या नोंदी पाहतो, पालकांशी बोलतो. अहवाल विरोधात गेला तर तो अर्जदाराला द्यावा लागतो, कारणे दाखवा नोटीस काढावी लागते आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. त्यानंतरच निर्णय होतो. पुढे राज्याने याच विषयावर कायदा केला. तो महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३, सन २००१ म्हणून ओळखला जातो.

अकोल्यासारख्या आदिवासी तालुक्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. खोट्या दाखल्यावर कुणी जागा घेतली की ती खऱ्या आदिवासी मुलाच्या वाट्याची जाते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका निकालात स्पष्ट केलं, की जातीचा दावा अवैध ठरला तर त्यावर मिळालेली नोकरी किंवा प्रवेशही टिकत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. पणजोबांची नोंद सापडत नाही म्हणून खऱ्या हक्कदाराचा प्रवेश अडकला, तर नुकसान त्याच मुलाचं होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रूढी-परंपरांच्या माहितीवर आधारित 'आप्तभाव चाचणी' हा एकमेव निकष असू शकत नाही आणि स्वातंत्र्यपूर्व काळातल्या नोंदींना जास्त महत्त्व आहे.

घरमालकाने किंवा छोट्या मालकाने यातून एवढंच घ्यायचं, की तपशील जुळला नाही तर आधी त्याच माणसाला विचारावं. स्पेलिंग, लग्न, नामांतर, चुकीची नोंद यांपैकी काही आहे का, ते पाहावं. शंका उरलीच तर कागद देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारावं. बनावट कागद वापरल्याचं दिसलं तर पोलिसांकडे जावं. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

समाजमाध्यमांवरची 'पडताळणी' धोकादायक का?

खेडकर प्रकरण गाजत असताना इतर अधिकाऱ्यांची नावं, फोटो आणि प्रवर्ग लिहिलेल्या पोस्ट फिरू लागल्या. कुणाचं अपंगत्व 'दिसत नाही', कुणाचे वडील मोठ्या पदावर आहेत, एवढ्यावरून निवड खोटी ठरवली जात होती.

त्याच जुलै महिन्यात लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या मुलीबद्दलच्या अशा पोस्ट हटवण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. वडिलांच्या वजनावर त्या यूपीएससी पास झाल्या, असा दावा त्यात होता. वास्तविक २०१९ च्या परीक्षेसाठी आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राखीव यादीत त्यांचं नाव होतं. परीक्षेलाच बसल्या नाहीत, असं लिहिणाऱ्यांना ती यादी पाहता आली असती. ती सगळ्यांसाठी खुली होती.

कमी ऐकू येणं, कमी दिसणं, मानसिक आजार अशी कितीतरी अपंगत्वं बघून कळत नाहीत. त्यांची खात्री वैद्यकीय नोंदच करू शकते. फोटो किंवा व्हिडिओ पाहून ती होत नाही.

दुसऱ्याचे वैयक्तिक कागद माहिती अधिकारातूनही सहसा मिळत नाहीत. कलम ८(१)(ञ) त्याला अटकाव करतं. एखाद्या कर्मचाऱ्याच्या प्रमाणपत्राबद्दल ठोस शंका असेल तर त्याच्या नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. पडताळणी करून घेणं ही त्या प्राधिकाऱ्याची जबाबदारी असते.

माहिती घेणाऱ्याने काय पाळायचं?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती घेणाऱ्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. पण तोवर थांबायचं कारण नाही. पुढच्या गोष्टी आजही पाळता येतात.

- आधी प्रश्न ठरवा. 'हा माणूस तोच आहे का?', 'वय १८ पूर्ण आहे का?', 'वाहन चालवायचा परवाना आहे का?' हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांना वेगळा कागद लागतो. ड्रायव्हर ठेवताना जातीचा दाखला मागायची गरज नाही.
- कशासाठी हवं ते सांगा आणि संमती घ्या. दुसऱ्याचा ओटीपी मागू नका.
- मूळ कागद पाहून परत द्या. शक्य असेल तिथे प्रत ठेवण्याऐवजी 'अमुक तारखेला परवाना पाहिला, नोंद जुळली' एवढंच वहीत लिहा.
- प्रत घ्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहून घ्या. काम संपलं की ती फाडून टाका. रद्दीत देऊ नका.
- कुणाचंही ओळखपत्र सोसायटीच्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.
- भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असेल तर ती पोलिस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरच द्या. एजंटच्या मोबाईलवर कागदांचे फोटो पाठवू नका.
- सगळ्यांना एकच नियम लावा. आडनाव किंवा भाषा ऐकून एकाला दहा कागद आणि दुसऱ्याला एकही नाही, ही पडताळणी होत नाही.

ज्याचे कागद मागितले जातात त्यानेही दोन प्रश्न विचारावेत: हे कशासाठी हवं आहे आणि ते किती दिवस ठेवणार? उत्तर मिळत नसेल तर दुसरा पुरावा चालेल का, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.